पडद्यावरची टोपली

आमच्या छापखान्यात चित्रांचा पडदा असलेला पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली सगळ्यांना आवडली. मला मात्र तिचा संशय येई. यंत्राला इतकं घरगुती दिसायची गरज काय?

एकदा जेवणाच्या सुट्टीत, त्यावर काम करणाऱ्या मालतीबाईंनी माऊसने मालकांचा मिशाळ चेहरा काढला आणि पोटभर हसून तो टोपलीत टाकला. पडद्यावरचं टोपलीचं चित्र फुगलं. संध्याकाळी मालकांनी ती सहज उघडून पाहिली.

"मालतीबाई, नाक जरा मोठं झालंय हो!" ते हसत म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. "मी तर टाकून दिलं होतं," त्या मला हळूच म्हणाल्या.

टाकलं असं आपल्याला नुसतं वाटावं, एवढ्यासाठीच कुणी ती टोपली रेखाटली असेल का?

मालक ते विसरले. मालतीबाईंनी पुन्हा कधी चित्र काढलं नाही.