मारका बैल

यरीयोथचं घर आमच्या गावच्या वेशीला लागून. नवरा हेल्द कुंभार. मडकी तो घडवायचा, विकायची ही. शेजारच्या अस्गादचा तांबडा बैल तिच्या अंगावर धावून आला तो मळणीच्या दिवसांत, खळ्याजवळच्या बोळात. डोक्यावरची मडकी फुटली, मांडी पार फाटली. अंजिरं पिकेपर्यंत ती अंथरुणाला खिळून होती.

उठली, ती थेट अस्गादच्या दारात.

"भाऊजी, बैल बांधून ठेवा."

"अहो वहिनी, त्या दिवशी माशांनी पिसाळला होता. चार पायल्या जव पाठवतो की तुम्हाला."

"जव नकोत. बैल बांधा."

तो हसला आणि आत गेला.

आमचा कायदा कडक. बैल मारका आहे अशी वेशीत ताकीद मिळूनही मालकानं तो मोकळा सोडला आणि माणूस दगावलं, तर बैलाबरोबर मालकालाही दगडांनी मारायचं. म्हणून ही ताकीद अस्गादच्या गळ्यात पडावी असं कुणालाच वाटत नव्हतं. शिवाय निम्म्या गावाची शेतं तोच बैल नांगरत होता; तो बांधला गेला तर नांगरणीच अडली असती.

"जाऊ दे ना," हेल्द म्हणाला. "यांच्याच शेजारी राहायचंय आपल्याला."

"म्हणूनच जाते."

वेशीत वडीलधारे बसले होते. "साक्षीदार दोन लागतात," ते म्हणाले. "एक तू. दुसरा कोण?"

त्या दिवशी खळ्यावर असलेले सगळे खाली बघू लागले. "फुटलेली मडकी आणा साक्षीला!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"दुसरा मिळेपर्यंत मी इथंच बसते," यरीयोथ म्हणाली आणि बसली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. जखम अजून वाहत होती.

शेवटी पंचांतलाच एक म्हातारा काठी टेकत उठला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो पेलेथ, अस्गादचा बाप.

"मी छतावर होतो. माशाबिशा काही नव्हत्या. बैल वाट वाकडी करून हिच्यावर गेला. इतके दिवस गप्प का बसलो, ते विचारू नका."

"बाबा!" अस्गाद किंचाळला.

"गप्प बस. तुझाच जीव वाचवतोय."

ताकीद दिली गेली. अस्गादनं दगडी गोठा बांधला, पण हेल्दची मडकी घेणं बंद केलं. यरीयोथ मात्र येता-जाता गोठ्याचा अडसर हलवून बघायची.

"आमची दारं तपासायला ठेवलंय का गं तुला?" अस्गादची बायको खेकसायची.

"हो," म्हणून ही पुढं.

पुढच्या सुगीत बैल पुन्हा बिथरला. दाराला धडका देत राहिला. बाहेर बोळात माझ्या बहिणीची पोरं सांडलेले दाणे वेचत होती. अडसराला तडा गेला, पण दार टिकलं.

दुसऱ्या दिवशी अस्गादनं रानातून जाडजूड लाकूड आणलं. तो ते बसवत असताना यरीयोथ तिथून चालली होती.

"वहिनी," तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "जरा हे टोक धरता का?"

तिनं डोक्यावरची मडकी उतरवली आणि टोक धरलं.