पापुद्रे

ग्रीक लोक आमच्या घरात जेवणाच्या टेबलावरून शिरले. मुलगी इथल्या डच शाळेत ज्या वर्गात होती तिथे लॅटिन आणि प्राचीन ग्रीक दोन्ही सक्तीच्या. पुण्यात आम्ही संस्कृत घेतलं ते मार्क मिळवायला, परीक्षा झाली की विसरायला. इथे ही पोरगी अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल अशी बोलायची, जणू ते पलीकडच्या गल्लीत राहतात आणि संध्याकाळी कुत्रं फिरवताना भेटतात. माझा नवरा दिवसभर शहरातल्या झुइडास भागात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळून यायचा, वादाला भुकेला. त्याला ही आयती मेजवानीच मिळाली.

त्या सगळ्या ग्रीकांचा प्रश्न एकच होता म्हणे: जग कशाचं बनलंय? एकाचं म्हणणं, पाणी. नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं पाणीवाले काका. "बरोबरच आहे त्यांचं," तो म्हणाला. "नीउ-व्हेनेपमध्ये राहून बघा म्हणावं." आमचं गाव एका उपसलेल्या तळ्याच्या बुडाशी आहे, समुद्राच्या पातळीच्या बरंच खाली. पाणी उपसणारे पंप बंद पडले तर आम्ही सगळे काकांच्या बाजूने. मग आले हवावाले काका, मग आगवाले, मग चार तत्त्वांवाले. "चारच?" नवरा खवळला. "आपल्याकडे पाच आहेत, आकाश कुठे गेलं?" पोरगी डचमध्ये काहीतरी तावातावाने बोलायची, तो मराठीत उत्तर द्यायचा आणि मी मधे भाजी वाढत राहायचे. मला त्यात रस नव्हता, खोटं कशाला सांगू. जग कशाचंही बनलेलं असो, डबे मलाच भरायचे होते.

तिचे लाडके होते कणवाले काका. त्यांच्या मते जगात फक्त कण आणि कणांच्या मधली पोकळी, तिसरं काही नाही. जन्म म्हणजे कण जवळ आले, मरण म्हणजे लांब गेले. आणि आपल्याला दिसतं कसं, तर प्रत्येक वस्तूवरून सतत एक बारीक पापुद्रा सुटतो, भाकरीचा सुटतो तसा, फक्त डोळ्याला कळणार नाही इतका पातळ. तो हवेतून येतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. पापुद्रा हा शब्द नवऱ्याचा. तिने हातवारे करून समजावलं आणि त्याने शब्द दिला. "म्हणजे आमच्या मॅनेजरचे पापुद्रे दिवसभर माझ्या डोळ्यात जातात तर," तो म्हणाला. "तरीच संध्याकाळी आग होते." पोरगी इतकी हसली की पाणी नाकात गेलं.

तो गेला मार्चमध्ये, कामाच्या दिवशी सकाळी. दोघं एकदमच घराबाहेर पडले, ती सायकलवर शाळेला, तो सायकलवर स्टेशनला. मी वर होते, घरून काम होतं, कानात हेडफोन आणि समोर मीटिंग. दार लागल्याचं ऐकलं फक्त. झुइडासला गाडीतून उतरून जिन्यावर तो कोसळला. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरीणबाई स्वच्छ इंग्रजीत, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मला त्या स्वच्छ बोलण्याचा इतका संताप आला की त्यांनी पुढे केलेला पाण्याचा ग्लास मी घेतला नाही.

अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीची बाई दुपारी घरी आली. उंच, राखाडी कोट, पायातले बूट दाराबाहेर काढले, हे मला आवडलं. तिने विचारलं, त्यांना घरी आणायचं का? मी म्हटलं, अर्थात. हा काय प्रश्न झाला? आपल्याकडे माणूस कुठेही गेला तरी घरी आणतातच. तासाभरासाठी, दोन तासांसाठी, लोक येतात, दर्शन घेतात, मग नेतात. तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. दीर नाशिकहून यायचा होता, त्याचा व्हिसा व्हायचा होता, आणि दहनाची वेळही पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. हे सगळं ती सांगत होती, मी ऐकत होते, आणि तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही की घरी आणायचं म्हणजे तोपर्यंत घरीच ठेवायचं. इथे ठेवतात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मागच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला. तिथे पलंग आला, त्यावर देहाखाली ठेवायची थंड करणारी पट्टी, पट्टीला वायर, वायर टीव्हीच्या प्लगात. फ्रीजसारखी बारीक घरघर सुरू झाली. हीटर बंद. मी स्वेटर घालून, शाल गुंडाळून त्याच्या उशाशी बसायचे. शेजारची आजी ट्यूलिप घेऊन आली, कॉफीचा कप हातात धरून त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि त्याच्याशी डचमध्ये बोलत राहिली, बागेतल्या कुंपणाबद्दल. जाताना त्याच्या हातावर थोपटलं. मला तिचा रागही आला आणि हेवाही वाटला. मला त्याच्याशी काय बोलावं सुचत नव्हतं. मी नुसती बघत बसायचे. तासन् तास. बघून घेते, पुन्हा कुठे दिसणार आहे, असं मनाशी म्हणायचे.

मुलीने खोलीत पाऊल टाकलं नाही. त्या खोलीच्या दाराला काच आहे. पहिल्याच दिवशी तिने त्या काचेवर आतलं दिसू नये म्हणून कागद चिकटवला. घरात हाताला लागला तो, वाढदिवसाचा, फुग्यांचा. आत नवऱ्याचं प्रेत आणि दारावर रंगीत फुगे. येणारे-जाणारे त्या दाराकडे बघून नजर वळवायचे. मी ओरडले, फाड तो. तिने फाडला नाही.

आणि चूल. घरात प्रेत असताना चूल पेटवत नाहीत, हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगातच असतं. पण ती रीत दोन तासांसाठी असते, आठवड्यासाठी नसते. बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या मैत्रिणी डबे आणून देत होत्या, तेच गार खायचं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी खाली आले तर पोरगी स्वयंपाकघरात नूडल्सचं पातेलं ठेवून उभी. मी धावत जाऊन ते सिंकमध्ये ओतलं. "अक्कल आहे का तुला? बाप आत आहे!"

"आई, हे इंडक्शन आहे," ती म्हणाली. "देअर इज नो फायर."

आगवाल्या काकांचीही इथे पंचाईत झाली असती. ती मात्र नूडल्स न खाता वर निघून गेली, आणि मी पातेलं घासत रडले. नवरा असता तर या मुद्द्यावर त्याने जेवण संपेपर्यंत वाद घातला असता.

दीर आला तो दहनाच्या आदल्या दिवशी. भावाला बघून मोडून पडला. मग डोळे पुसून त्याने पहिली चौकशी केली, पोरीने दर्शन घेतलं का? सासूबाईंनी तर नाशिकहून फोनवर घेतलं होतं. मी फोन त्याच्या चेहऱ्यावर धरायचे आणि त्या पलीकडून स्क्रीनवर हात फिरवायच्या. मी नाही अशी मान हलवली. दीर म्हणाला, "वहिनी, उद्या पेटीचं झाकण लागलं की संपलं. बापाचं तोंड बघितलं नाही म्हणून पोर जन्मभर पस्तावेल. तुमचं ऐकत नसेल तर मी आणतो हाताला धरून."

मलाही तेच वाटत होतं. रागापेक्षा भीतीच जास्त होती. ती आतून दगड तर झाली नाही ना? आज ना उद्या हे फुटेल आणि तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नसेल. सकाळी राखाडी कोटवाली बाई आली, म्हणाली, थोड्या वेळात झाकण लावायला हवं, अजून कुणाला बघायचंय? मी म्हटलं थांबा, आणि जिना चढून वर गेले.

ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. काळा कुर्ता, केस विंचरलेले. तयार होती. मी म्हटलं, "चल. एक मिनिट. नुसतं बघ आणि ये."

"नाही."

"तुझा बाप आहे तो!"

"आई, इफ आय लुक, तो आत येणार."

"कोण आत येणार?"

"खालचा." तिने डोळ्याला बोट लावलं. "पापुद्रा. आता माझ्याकडे लास्ट वन सकाळचा आहे. हेल्मेट वाकडं, तोंडात टोस्ट. खालचा आला की सकाळचा खाली दाबला जाईल. मला माहितीये."

मला हसावं की हिला थोबाडीत मारावी कळेना. मी म्हटलं, "अगं, तुझ्या त्या कणवाल्याचं सगळं खोटं ठरलंय. डोळ्यात उजेड जातो. पापुद्रे बिपुद्रे काही नसतात."

"आय नो," ती म्हणाली. "फिजिक्समध्ये मला दहापैकी नऊ आहेत. तरीपण."

हे "तरीपण" तिने अगदी त्याच्यासारखं म्हटलं. वादात हरत आला की तो हाच शब्द वापरायचा. मी पलंगावर बसले आणि त्याला तसं म्हणताना डोळ्यांपुढे आणायला गेले. जेवणाचं टेबल आलं. त्याची खुर्ची आली, निळा शर्ट आला. आणि शर्टाच्या वर तो खालचा चेहरा. मेणासारखा, ओठ जरा चुकीचे मिटलेले, दाढी कुणीतरी परक्याने केलेली. मी लग्नातला आठवून पाहिला. मुंडावळ्यांच्या मागे तोच. हॉस्पिटलमध्ये पोरीला पहिल्यांदा हातात घेतलेला आठवला, तिथेही डोळे मिटलेले, तोच. इतके दिवस मी बघून घेते, बघून घेते म्हणत उशाशी बसले होते, आणि ते सगळं बघणं माझ्या डोळ्यांत एकावर एक साचून बसलं होतं. त्याच्या खालचं काही म्हणजे काही वर येईना.

सगळ्या घरात आता जिवंत नवरा एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि त्यालाही मी हाताला धरून खाली न्यायला आले होते.

मी उठले. "बस इथेच," म्हटलं. खाली जाऊन बाईला सांगितलं, लावा झाकण. "वहिनी, तुम्ही आई आहात का कोण आहात?" दीर म्हणाला, आणि हे त्याने आजवर मागे घेतलेलं नाही. सासूबाईंनाही त्यानेच सांगितलं. त्यांचे फोन कमी झाले. मी स्पष्टीकरण दिलं नाही. काय सांगणार? एका ग्रीक माणसाने असं असं म्हटलंय म्हणून?

झाकण लागल्यावर ती खाली आली. दहनाच्या जागी ती पेटीसमोर ताठ बसून राहिली, पेटीवर हात ठेवला, भट्टीचं बटण दिराने दाबलं तेव्हा त्याच्याच दंडाला धरून उभी राहिली. धाय मोकलून रडली. दगड झालेली नव्हती. तेवढी एक भीती माझी गेली.

घरी खोली रिकामी झाली, प्लग मोकळा झाला, दीर परतला. मग एका रविवारी दुपारी मी तिला विचारलं, "त्या दिवशी सकाळी तो कसा दिसत होता? सांग मला."

तिने सांगितलं. अर्धं मराठी, अर्धं डच. हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. टोस्ट तोंडात होता, ओठाला जॅम लागला होता. दिव्याच्या खांबापाशी दोघांचे रस्ते वेगळे होतात, तिथे त्याने मागे वळून हात केला आणि सायकल डगमगली, तेव्हा तो स्वतःलाच हसला. मी डोळे मिटून ऐकत होते. शब्द सगळे पोचले, चेहरा आला नाही. पण शब्दांनीही बरं वाटलं. चार दिवस पुरलं.

मग मी पुन्हा विचारलं. आणि पुन्हा. ती अभ्यासाला बसली की, जेवताना, गाडीची वाट पाहताना. ती सांगायची, कधी कंटाळली नाही. जॅम कोणता होता, मी विचारायचे. किती हसला, दात दिसले का? एकदा ती चीज म्हणाली. मी म्हटलं, मागे जॅम म्हणाली होतीस. ती डोळे मिटून पुन्हा आत बघून आली, आणि हळूच म्हणाली, हो, जॅमच असेल. पुढच्या खेपेला मी तोच प्रश्न घेऊन बसले.

या हिवाळ्यात एका संध्याकाळी टेबलाशी मी म्हटलं, "सांग ना गं, खांबापाशी वळला तेव्हा." तिने चमचा खाली ठेवला. डोळे मिटले, नेहमीसारखे. मग उघडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आता नको विचारूस. हल्ली मी त्याला शोधायला गेले की तो येत नाही. तू येतेस. अशी समोर बसलेली, विचारत."

मी तिची ताटली उचलली आणि सिंककडे वळले, तोंड तिच्याकडे राहणार नाही अशी.