खिडकीवर ‘कुठं’ म्हणायचं नाही

आमच्या मेडशीच्या अड्ड्यावर मोटार वेळेवर आली असती, तर सांगायला एकही किस्सा उरला नसता. पण सर्व्हिस मोटार सकाळची म्हणून निघते आणि दुपारची म्हणून येते. तोवर माणसं निंबाखाली बसतात, विड्या ओढतात आणि काहीतरी घडवून आणतात. मी त्या मोटारीवर क्लीनर. शाळा दुसरीतच सोडली. माझा दादा किसन तिथंच तिकिटाच्या खिडकीत बसायचा. यंदा पावसाळ्यात तापानं गेला. आता जो भेटतो तो मला थांबवून दादाचा एक किस्सा सांगतो आणि मग मलाच हसवायला बघतो. हसणार नाही म्हणतो मी. तरी हसतो!

मोटारीच्या मालकानं, शेठनं, खिडकीवर पाटी लावली होती : ‘प्रथम गाव, नंतर माणसं, नंतर सामान. याच क्रमाने बोलावे.’

दादा त्या पाटीवर आपला सदरा वाळत घालायचा.

एकदा एक म्हातारबा आले. हातात तांब्या, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. “भाऊ, काल रातच्यानं आमची कपिली व्याली. कालवड झाली. पाय अडकला होता, तं मंग मी शेजारच्या आबाले उठोलं…”

दादानं तिकीट फाडून पुढं केलं. मालेगावचं, एक माणूस, सामान नाही.

“अरे, म्या तं गाव सांगतलंच नाही!”

“आबा, चीक घेऊन माणूस लेकीकडंच जाते. तुमची लेक मालेगावले देलेली हाय. तुमी कालवडीपासून मालेगावापर्यंत सांगत याल, तवर चीक नासन!”

म्हातारबा मोटारीत बसले आणि उरलेली गोष्ट ड्रायव्हर उस्मानचाचाला मालेगावपर्यंत सांगितली.

आमच्या रस्त्यावर एक गाव आहे, त्याचं नाव सकाळी पारोशा तोंडानं कोणी घेत नाही. घेतलं की दिवसभर अन्न मिळत नाही म्हणतात. मी इथंही घेत नाही, तुम्ही कोणत्या वेळी ऐकाल काय सांगावं! तिथले प्रवासी खिडकीवर येऊन नुसते म्हणायचे, “त्या गावचं द्या.” दादा द्यायचा.

एके सकाळी शेठ मागं उभा होता. “त्या गावचं म्हणजे कोणत्या गावचं रे?”

“शेठ, तुमचं जेवण झालं काय?”

“एवढ्या सकाळी?”

“मंग आत्ता नाही सांगत.”

शेठ तापला. पण दुपारी स्वतःच पुन्हा आला. “आता सांग. कोणतं गाव?”

“जेवले?”

“आज एकादशी आहे ना!”

दादानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मग दादा तापानं पडला आणि शेठनं दिगंबरराव आणले. शहरातले, मॅट्रिक, कडक इस्त्री. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीवरचा सदरा काढून घडी करून माझ्या हातात दिला. आणि खिडकीशी जो येईल त्याला ओरडून विचारायला लागले, “कुठं?”

आता बघा. घरून निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून हटकलं की काम होत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. असं झालं तर माणसानं घरी परतावं, घटकाभर बसावं, पाणी प्यावं आणि नव्यानं निघावं. दादा कधी ‘कुठं’ म्हणायचा नाही. “दूर निघाले?” म्हणायचा. की माणूस आपोआप सांगायचा, “नाही गा, वाशीमलेच.”

त्या दिवशी धोंडबा निघाला होता कोर्टाच्या तारखेला. दिगंबरराव म्हणाले, “कुठं?” धोंडबानं कपाळावर हात मारला आणि घरी गेला. पाणी पिऊन आला.

“कुठं?”

पुन्हा घरी! बायकोनं विचारलं, “तुमी जाऊन राह्यले का येऊन राह्यले?”

तिसऱ्यांदा आला तेव्हा उस्मानचाचा हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. मी ओरडलो, “दिगंबरराव, तुमच्या घरी काय ‘कुठं’ म्हनतात?”

“नाही,” ते म्हणाले. “माझी आईसुद्धा म्हणू देत नाही. पण ते घर आहे, हे ऑफिस आहे. कुठं?”

मोटार गेली. कोर्टात धोंडबाच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा धोंडबा इथं घरी पाणी पीत होता!

मी घरी येऊन दादापुढं भडकलो. “तो मानूस पाटीसारखा हाय! लाकडाचा!”

दादा तापानं फणफणत होता, तरी हसला. “सुदाम, अबे, मले कोनी शिकोलं? लोकाईनं शिकोलं. त्यालेबी लोकं शिकोतीन. तू मधात पडू नोको.”

“मी पडनार!”

“मले मालूम हाय,” दादा म्हणाला आणि कूस बदलली.

मी पडलोच. बाजाराच्या दिवशी एक वहिनी तुरीचं पोतं घेऊन आल्या. टपावर टाकायच्या सामानावर मालकाचं नाव खडूनं लिहायचं, म्हणजे वाशीमला हमाल नाव पुकारून पोतं देतो. नवरा पहिल्या फेरीनं पुढं गेलेला.

दिगंबरराव म्हणाले, “मालकाचं नाव?”

वहिनींनी पदर पुढं ओढला. “आमच्या यायचं.”

“यायचं म्हणजे कोणाचं?”

“त्यायचंच!”

“बाई, नवऱ्याचं नाव सांगा, नाहीतर पोतं इथंच राहील.”

नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं तरी कसं? वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीतून हात घालून खडू उचलला. मला नाव धड लिहिता येत नाही, पण त्यांचा नवरा मला ठाऊक होता. पोत्यावर मी झोकात मिशी काढली. दोन्ही टोकं वर!

“हे काय आहे?” दिगंबरराव ओरडले.

“नाव!”

वाशीमला हमालानं टपावरून पोतं बघितलं, गर्दीत एकदा नजर फिरवली आणि सगळ्यांत आधी तेच पोतं बरोबर माणसाच्या पायाशी टाकलं. पुढच्या बाजारी गावातले बिनमिशीचेही माझ्या मागं लागले, “सुदाम, आमच्या पोत्यावरबी मिशी काढ ना बे!”

शेठनं मला बोलावलं. “आता खिडकीशी दिसलास, तर मोटारीवरून उतरवीन. कायमचा!”

त्याच आठवड्यात दादा गेला. भर पावसात. त्याचं काही सांगत नाही.

आम्ही अस्थी पिंपळाला टांगून ठेवल्या. नांदेडला गोदावरीत न्यायच्या, पण नाल्यांना पूर, मोटारच बंद. मोटार सुरू झाली त्या सकाळी मी अड्ड्यावर गेलो, तर खिडकीतून तोच आवाज, “कुठं?” माझं डोकं फिरलं. दादाला जाऊन चार दिवस नाही झाले तर दादाच्या खिडकीतून माणसं परत फिरवता? मी खिडकीशी गेलो नाही. शेठनं तेवढंच सांगितलं होतं ना! मी मोटारीच्या टपावर चढलो आणि बोंबललो, “कोनी तिकीट घेऊ नोका! तसेच बसा!”

माणसं खरंच बसली. मोटार गच्च भरली आणि एकाजवळही तिकीट नव्हतं. शेठ धावत आला. “उतरा! तिकीट घ्या!”

खिडकीपाशी एक नाथाची माय बसायची, भाजीवाली. ती मोटारीतून म्हणाली, “घेतो ना. पन तो ‘कुठं’ म्हन्ते!”

“त्याला विचारावं लागतं, माय!”

“किसन नव्हता इचारत.”

“किसन आता नाही!”

धोंडबा म्हणाला, “म्हनून काय आमी बदलाचं? आमी हाओच ना!”

उस्मानचाचानं इंजिन बंद केलं. चावी काढून सरळ खिशात टाकली. “शेठ, सवारी बोले तो गाडी. सवारी नहीं तो मैं चाय पीता.”

शेठ खालून माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, “उतरवा मले. कायमचा उतरवा! पन खिडकी दादावानीच चालन!” मी उतरलो नाही.

शेवटी शेठ खिडकीकडं वळला. “दिगंबरराव, आजपासून ‘कुठं’ म्हणू नका.”

“मग काय विचारू?”

नाथाची माय म्हणाली, “काई इचारू नोको, बापा. मानसाकडं पाहाय.”

दिगंबररावांनी पाटीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. पाटी काढली नाही. पण ‘कुठं’ बंद झालं. आणि मला कोणी उतरवलं नाही, कारण टपावर चढणारा दुसरा माणूस शेठजवळ नव्हता.

तरी मी दिगंबररावांशी बोलत नव्हतो. म्हटलं, ‘कुठं’ सोडलं म्हणून मी माणूस मान्य केला असं नाही!

मग गोदावरीचाही पूर ओसरला आणि माझा नांदेडला जायचा दिवस आला. वाशीमपर्यंत मोटार, पुढं रेल्वे. त्या दिवशी मी क्लीनर नव्हतो, प्रवासी होतो. आईनं सांगितलं होतं, अस्थींचं गाडगं खाली ठेवायचं नाही. मी ते फडक्यात छातीशी धरून रांगेत उभा राहिलो. दिगंबररावांना ‘सामान’ म्हणू दे, खिडकीच उखडून टाकतो, असं मनाशी ठरवून गेलो होतो. सगळं भांडण पाठ केलं होतं.

माझा नंबर आला. दिगंबररावांनी वर बघितलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. ना गाव, ना माणसं, ना काही. मागची माणसं थांबली. कोणी ढकललं नाही.

दिगंबररावांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फडक्याकडं. मग पुस्तक पुढं ओढलं आणि वाशीमची जायची दोन तिकिटं फाडली.

वाशीमला आमची खिडकी नाही. परतीचं तिकीटही इथूनच घ्यावं लागतं. त्यांनी परतीचं पुस्तक उघडलं.

परतीचं एकच फाडलं.