एरंडेल, कवळी आणि बेंबीतला हिंग

रिकाम्या बाटल्या कोणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस कपाट उघडावं तर तिथे पंचवीस निघतात. माझ्या किश्श्यांचं तसंच झालं आहे. परळचा मित्र फोनवर विचारतो, ‘‘काय रे, तिकडे वेळ जातो का तुझा?’’ त्याला एक सांगायला घेतो तर दुसराच आठवतो. म्हणून हे लिहून काढतो आहे.

मी सातवी शिकलेला. परळला औषधाच्या दुकानात आधी बाटल्या धुतल्या, मग जन्मभर लेबलं चिकटवली. बायको गेल्यावर मुलाने टोकियोला आणलं. तो आणि सूनबाई ऑफिसात, नात ईरा शाळेत. हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या घरी, नवव्या मजल्यावर, दिवसभर माझ्याशी बोलणारं एकच होतं, आंघोळीचं पाणी तापवणारं मशीन. पाणी तापलं की ते बाईच्या आवाजात सांगायचं. मी ‘बरं’ म्हणायचो.

मग दोन स्टेशनं पलीकडे एक छोटं संग्रहालय सापडलं. त्यातली एक खोली नव्वद वर्षांपूर्वीच्या घरासारखी मांडली आहे. खाली चटया, फळीवर दंतमंजनाचा डबा, गरम पाण्याची पत्र्याची बाटली, औषधांची लाकडी पेटी. आलेल्या लोकांना माहिती द्यायला तिथे दोघं हौसेने बसतात. ओनो-सान, शाळेतल्या निवृत्त नर्स, आणि कुबो-सान, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांच्यात मी तिसरा झालो. यंदा माझी ही जागा राहते की जाते असं झालं होतं. तेही सांगतो.

*

पहिल्या दिवशी ओनो-सान एक लेबल नसलेली बाटली हातात धरून उभ्या होत्या. मी बूच काढून वास घेतला. नाव जपानीत येईना. मग मी चमचा धरला, नाक दाबलं, तोंड वाकडं केलं आणि पोट धरून दरवाजाकडे पळालो.

कुबो-सान हसता हसता खाली बसले. ओनो-सानने कार्डावर लिहिलं, एरंडेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी एक उशी आणून ठेवली.

*

सूनबाईने मोबाइलमध्ये भाषांतराची सोय करून दिली, तेव्हापासून आमच्या गप्पा होतात. कुबो-सान पोटाला उबेसाठी सुती पट्टा बांधतात. त्यांचे वडीलही बांधायचे. मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे बाळंतिणीला बांधतात.’’

कुबो-सानने पट्टा चाचपून पाहिला. आता ते येणाऱ्या प्रत्येकाला पट्टा दाखवून सांगतात, ‘‘भारतात हा मूल झाल्याशिवाय मिळत नाही. मी साठ वर्षं फुकट वापरतोय.’’

*

मी अजून लाल दंतमंजन वापरतो. कुबो-सानना हवंसं वाटलं, म्हणून थोडं पुडीत बांधून दिलं. त्यांनी त्याने कवळी घासली आणि तशीच रात्रभर ठेवली. सकाळी कवळी विटेच्या रंगाची.

ओनो-सान म्हणाल्या, ‘‘दंतवैद्याकडे जा.’’

‘‘कशाला? नव्वद वर्षांपूर्वीची वाटते. इथे शोभते.’’

त्या आठवड्यात शाळेची मुलं आली. कुबो-सान एकदाच हसले. मुलं ओळीने बाहेर गेली.

*

औषधांच्या पेटीची गोष्ट वेगळी. पूर्वी फिरता विक्रेता अशी पेटी घरोघर ठेवून जायचा आणि पुढच्या फेरीला संपलेली औषधं भरून द्यायचा. एक आजीबाई दर मंगळवारी येतात. ‘‘पोटाची पुडी डावीकडच्या खणात असते,’’ म्हणतात आणि लावून जातात. दर शुक्रवारी एक आजोबा येतात. ‘‘हे कोणी केलं? पोटाची पुडी उजवीकडे असते.’’ असं म्हणत तेही पूर्वी वाकून लावून जायचे.

मी ओनो-सानना विचारलं, ‘‘खरं कोणाचं?’’

त्या म्हणाल्या, ‘‘दोघांचंही. ज्याची त्याची आई तशी ठेवायची. आता गुरुवारी संध्याकाळी मीच उजवीकडे करून ठेवते. आजोबांना वाकायला त्रास होतो.’’

*

ईराचं पोट दुखत होतं. मी हिंग पाण्यात कालवून बेंबीत भरला. दुखणं थांबलं, पण शाळेत पोहण्याचा तास होता. बाईंची चिठ्ठी आली, ‘बेंबीत काय आहे?’

मुलगा वैतागला. ‘‘बाबा, हे जपान आहे हो.’’ तरी त्याने सगळं नीट लिहून कळवलं.

उलट उत्तर आलं. ‘माझी आजी मला बस लागू नये म्हणून बेंबीवर खारवलेलं आंबट फळ चिकटवायची. तुमची पद्धत कोरडी दिसते. पुढच्या महिन्यात सहल आहे. थोडा हिंग मिळेल का?’

*

मार्चमध्ये संग्रहालयाला वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. एप्रिलपासून त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाने तोंडी परीक्षा द्यायची. दहा वस्तू, माहिती जपानीत, मोबाइल चालणार नाही.

ओनो-सानने महिनाभर शिकवलं. वस्तू मला सगळ्या येत होत्या, शब्द डोक्यात टिकत नव्हते. ईरा रात्री जेवताना विचारायची, ‘‘आजोबा, नंबर चार?’’ आणि मी वरणाकडे बघत बसायचो. ती जागा गेली तर नवव्या मजल्यावरून खाली यायला मला दुसरं कारण नव्हतं.

परीक्षेला वॉर्ड ऑफिसातून एक तरुण साहेब आले. टाय, बॅग, जाड फाईल. दहापैकी दोन वस्तू मला सांगता आल्या. एरंडेलाला मी पळून दाखवायला उठलो, तर ते म्हणाले, ‘‘तोंडी.’’

शेवटी मला मोबाइल सुरू करू देऊन त्यांनी वाकून नमस्कार केला. ‘‘कदम-सान, फार वाईट वाटतं. नियम आहे.’’

मी उशी उचलली. कुबो-सान भिंतीकडे बघत होते.

ओनो-सानने विचारलं, ‘‘साहेब, या खोलीतल्या वस्तूंना परीक्षा असते का?’’

साहेबांनी फाईल उघडली. पानं खरंच वाचली. ‘‘नाही.’’

‘‘वस्तूला जपानी यायला हवं?’’

‘‘तसं कुठे लिहिलेलं नाही.’’

‘‘परदेशी वस्तू चालते?’’

‘‘त्या काळच्या घरगुती औषधांशी संबंध असेल तर चालते.’’

ओनो-सानने माझ्या हातातली उशी घेतली आणि परत चटईवर ठेवली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाईलमधून वस्तूंच्या नोंदीचा एक कोरा फॉर्म काढला आणि बॅगेतून मोजायची टेप.

‘‘कदम-सान, जरा सरळ उभे राहा.’’

त्यांनी उंची लिहिली. रुंदी लिहिली. ‘स्थिती’ या रकान्यात ‘जुनी, चांगली’ असं लिहिलं. मग पेन थांबलं.

‘‘झाकण आहे?’’

मी टोपी काढून दाखवली.