उपकारस्तुतीत राहिलेलं नाव

आमची पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. दोन बंकर, बर्फ आणि समोरच्या धारेवर दुश्मन. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग चहा, हत्यारांची सफाई, ड्युटी. रविवारही तसाच जायचा. मी औरंगाबादचा ख्रिस्ती. देवाचे उपकार मानल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घशाखाली उतरू द्यायचा नाही, ही घरची शिस्त. म्हणून पलटणीत माझं नाव पडलं पाद्री.

लान्स नायक रामकिसन वैजापूरचा. वडील तिथल्या मोंढ्यात, धान्यबाजारात, हमाल. त्या रविवारी सकाळी सेंट्री ड्युटी माझी होती. रामकिसन म्हणाला, "पाद्री, जा, तुझी प्रार्थना उरक. मी ऱ्हातो उभा. अन् त्यात माझं बी नाव घाल."

"घालतो की."

आमच्या पोस्टच्या हवालदारांनीही मान हलवून परवानगी दिली. बंकरमध्ये मी गुडघे टेकले. गरम चहाबद्दल, कोरड्या मोज्यांबद्दल, उघडलेल्या आभाळाबद्दल उपकार मानले. रामकिसनचं नाव राहून गेलं. आमेन म्हणतो न म्हणतो तोच मोर्टारचा गोळा पडला.

धावत बाहेर गेलो, परत येऊन वायरलेस सेट उचलला. "सेंट्रीला लागलं. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

पलीकडून विचारलं, "हालत काय? ओव्हर."

"शहीद. ओव्हर."

सुटीवर आलो तेव्हा आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना होती. रामकिसनच्या वडिलांना मीच निरोप धाडून बोलावलं होतं. टोपी मांडीवर घेऊन ते मागच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी म्हणालो, "गोळा पडला तेव्हा मी देवाच्या पायाशी होतो. प्रार्थनेनं मला वाचवलं." सगळे आमेन म्हणाले. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू.

उपासना सुटल्यावर बाहेर लिंबाखाली रामकिसनच्या बाबांना चहा दिला. त्यांनी कपाकडं बघतच विचारलं, "लेकरा, आमचा रामकिसन बी त्या टायमाला प्रार्थनेला बसला असता, तर वाचला असता व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ड्युटी माझी होती, बाबा. तो माझ्या जागी उभा होता. प्रार्थनेत नाव घाल म्हणाला होता, तेवढंही माझ्याच्यानं झालं नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "मंग आता घेत जा त्याचं नाव." आणि एसटी स्टँडकडं चालू लागले.

पुढच्या रविवारी मी न बोलावता उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं. या खेपेला कुणी आमेन म्हणालं नाही.

आता औरंगाबादेतच, मुकुंदवाडीत पेन्शनवर राहतो. ताटावर बसलं की भाकरीच्या आधी रामकिसनचं नाव घेतो, मग पाण्याचं, मीठमिरचीचं, रांधणारीचं. मान खाली असते. घरच्यांना वाटतं, प्रार्थनेसाठी.