चाळीस पायांचं जनावर

जानकू दलालाचं आणि त्याच्या पोराचं, गोरखचं, भांडण झालं ते शेजारच्या घरात सगळं ऐकू आलं. मधे भिंत एकच, तीही मातीची. इकडं डाळ निवडायची चालली होती. ऐकायला कुणी गेलं नव्हतं, भांडणच चालत इकडं आलं.

जानकूची हयात बेल्ह्याच्या बैलबाजारात गेली. बैल विकला की त्याची बोली असायची: पुढच्या बाजारापर्यंत बैल लंगडला, बसला, तर दोरी धरून परत आणायचा. लिहिलेलं काही नाही, तोंडचा शब्द. त्या शब्दावर बोरी बुद्रुकातलं त्याचं घर उभं होतं. आणि त्याच घरात गोरखनं साबणाची डबी उघडून बापापुढं धरली. आत काळा स्पंज, त्यात पाय रोवून बसलेल्या काळ्या चिपा.

"हे काय?" जानकूनं विचारलं. "गोम?"

"चिप हाय, दादा. टीव्ही-गेमच्या डब्यात बसती. डब्याचं डोकंच म्हना. पुण्यातनं आणायची, नारानगाव, मंचर, घोडेगावला पोचवायची. जत्रंत तंबूवाल्यांचे डबे दिवसभर चालत्यात, चिपा जळत्यात. लई मागणी हाय."

"आन तुझीच जळकी निघाली तर?"

"पुण्याचा व्यापारी म्हणतो, माल उचलला की संबंध संपला. ह्या धंद्यात तसंच असतं."

"मंजी बोली न्हाई."

"न्हाई."

जानकूचा आवाज खाली आला. तो खाली आला की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत. "चार पायाच्या जनावराला मी बोली देतो. तुझ्या जनावराला चाळीस पाय, आन एकाचाबी भरवसा न्हाई. उद्या लोक म्हणतील, जानकूचं पोर बिनबोलीचा माल इकतं. मग माझ्या बैलाला कोण हात लावील? ह्या घरात ते चालायचं न्हाई."

"मग घर सोडून जातो."

"जायचं तर जेवून जावा," आतून गोरखची बायको अंजना म्हणाली. "भाकरी झाल्यात."

दोघं जेवले. गोरख काही कुठं गेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रत्येक चिपेला बोली द्यायला सुरुवात केली, ती बापाचं पटलं म्हणून की बापाला दाखवायचं म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बैल चालवून दाखवतात तशी तो चिप चालवून दाखवायचा. स्वतःच्या डब्यात बसवायची, टीव्हीतला छोटा माणूस पळाला, उड्या मारल्या, की द्यायची. वर म्हणायचं, पुढच्या बाजारापर्यंत बोली. लुनाच्या दांडीला पिशवी अडकवून तो दोन तालुके फिरायचा. लोक त्याला गोमवाला म्हणायला लागले. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. जानकूला मात्र वाटायचं.

अशी काही वर्षं गेली आणि चैत्रात खोडदची जत्रा आली.

मंचरच्या सयाजीनं तिथं तंबू ठोकला होता. ताडपत्रीखाली ओळीनं टीव्ही, प्रत्येकाला एक डबा. वर्षाची कमाई त्याची ह्या जत्रांवर. सगळ्या डब्यांसाठी त्यानं नव्या चिपा मागितल्या होत्या. गोरखनं त्या ह्या खेपेला पुण्यातल्या एका नव्या व्यापाऱ्याकडून आणल्या, भाव जरा बरा पडला म्हणून. सकाळी गार वाऱ्यात, ओसरीवर बसून त्यानं एकेक पारखली. सगळ्यांतला माणूस हरणासारखा पळाला.

तंबू उघडला तशी गर्दी लोटली. ऊन चढलं. ताडपत्री तापली. मग एका टीव्हीतला माणूस उडी मारून वर गेला तो वरच राहिला. पोरांना आधी वाटलं, हीही खेळातलीच गंमत. मग शेजारच्या टीव्हीतला थांबला. मग त्याच्या पलीकडचा. गलका झाला. पोरांच्या मागं उभे असलेले बाप पुढं आले.

सयाजीनं गोरखला गर्दीतून ओढत आणलं. "बघ तुझी जनावरं. सगळी बसली."

"विजेचं कमी-जास्त व्हतंय," गोरख म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप गेलं. लोकांनी माना डोलावल्या. जत्रेत विजेवर काहीही घाला, वीज काही बोलत नाही.

पण बोलता बोलता त्यानं डबा उघडला होता. चिपेला बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं. तवाच तो. उपसून वळवून पाहिली. पाय वरून चकचकीत, बुडाशी जुन्या कथलाचे डाग. कुठल्यातरी मेलेल्या डब्यातून काढलेली चिप घासूनपुसून नवी केलेली. त्यानं झाकण लावलं.

मान वर केली तर तंबूच्या तोंडाशी जानकू उभा. हातात देवीचा नारळ.

"कवा पारखल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"सकाळी."

"सकाळी म्हातारा बैलबी पळतो. धाप दुपारी लागती."

एवढंच बोलून म्हातारा पोराच्या तोंडाकडं बघत राहिला. विजेचं नाव राहू दिलं असतं तर सयाजी संध्याकाळपर्यंत विजेचीच वाट बघत बसला असता. त्याची जत्रा बुडाली असती, पण गोमवाल्याचं नाव राहिलं असतं. खरं बोललं तर ते जत्रेतून दोन्ही तालुक्यांत जाणार, आणि बेल्ह्याच्या बाजारातही. बापाच्या बैलांपर्यंत.

"सयाजीभाऊ," तो म्हणाला, "वीज बरी हाय. माझा माल वाईट निघाला. बोली हाय, बदलून देतो."

सयाजीनं त्याची गचांडी धरली. "कवा? जत्रा उठल्यावर? एकदा लुनावर बसलास की तू कशाला परत येतोस?"

"तो येईस्तोवर मी हितं बसतो," जानकू म्हणाला. "न्हाई आला तर मला बांधून ठेव."

"तुमाला बांधून काय करू, दादा? वैरण कुठनं आणू?"

कुणीतरी हसलं. सयाजीचा हात सुटला.

नारायणगावात दुरुस्तीवाला तुळशीदास होता. मागच्या फेरीला गोरखनं त्याला जुन्या व्यापाऱ्याच्या चांगल्या चिपा दिल्या होत्या. लुना तापून खोकत होती. दुकानाला कुलूप. गोरख त्याच्या घरी गेला, तर तो पानावर बसलेला.

"इकलेला बैल परत मागणारा दलाल पहिलाच बघतोय," सगळं ऐकून तुळशीदास म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकानं काय, टीव्हीकडं बघून भजन म्हणायचं?"

"पुढच्या खेपंचा पहिला माल तुझा. पाया पडतो, पण उठ."

तुळशीदासनं आधी ताक संपवलं. गोरखला तो ताकाचा पेला जन्मभर आठवला. मग तो उठला, किल्ली घेतली.

गोरख परत आला तेव्हा सयाजीनं टीव्हींवर पोती टाकली होती आणि जानकू बाकड्यावर नारळ मांडीत घेऊन ताठ बसला होता. सयाजी चिपांवर झडपच घालायला निघाला.

"थांब," जानकू म्हणाला. "आधी धाप बघू."

गोरखनं पोतं काढलं. जिथं ताडपत्री सगळ्यात खाली आली होती, माणसाला श्वास घेववत नव्हता, तिथल्या डब्यात पहिली चिप बसवली. सगळा तंबू त्या एका टीव्हीकडं बघत उभा राहिला. माणूस पळाला. पळत राहिला. डबा तापला, सयाजीनं हात लावून पाहिला आणि काढला. गोरखनं बटण दाबलं. माणसानं उडी मारली, वर गेला, आणि खाली आला.

जानकू उठला. "देवीचं राहिलंय," म्हणाला आणि नारळ घेऊन देवळाकडं गेला. त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. पण बेल्ह्याच्या बाजारात कुणी विचारलं, तर सांगायचा, माझं पोर चिपांचं बघतं. गोम म्हणायचं त्यानं सोडलं.

पुढं गोरखच्या घराच्या पत्र्यावर भर दुपारी डबा तापत ठेवलेला असायचा, वायर खिडकीतून आत, टीव्ही चुलीजवळ. अंजना तांदूळ निवडता निवडता त्या माणसाला पळवायची आणि तो पडला की त्याला शिव्या द्यायची. गिऱ्हाइकं तरी किती दिवस राहणार? पुढचे डबे असे यायला लागले की आतल्या चिपेला पायच नाहीत, डांबराचा थेंब टाकावा तशी पाटीला चिकटवलेली. बिघडला की डबाच फेकायचा. मग पोरं मोबाइलवर खेळायला लागली. जानकू गेला. तुळशीदास मोबाइल दुरुस्त करू लागला. एकटा सयाजी जुने डबे सांभाळून होता, तेही हौसेनं.

त्याच्या एका डब्याची चिप गेली तेव्हा गोरखचं हृदय थकलेलं होतं. डॉक्टरांनी लुनाची किल्ली अंजनाकडं द्यायला लावली होती. त्यानं ती पिठाच्या डब्यातून शोधून काढली.

"सयाजीभाऊंना म्हनावं, या आन घेऊन जावा," अंजना म्हणाली.

"माल दारात पोचवायचा असतो."

"मग ऊन तरी उतरू द्या."

"उन्हाशिवाय कशी पारखू?"

त्यानं डबा पत्र्यावर ठेवला. अंजना न सांगता टीव्हीपुढं बसली. माणूस पळाला, तापल्यावरही पळाला. चिप साबणाच्या डबीत गेली, डबी पिशवीत, पिशवी लुनाच्या दांडीला.

मंचरला सयाजी म्हणाला, "ठेव की तिथं, बघतो सवडीनं. तू सांगतोस म्हंजी बरीच असणार."

"बसव," गोरख म्हणाला. "तापू दे."

दोघं चहा घेत टीव्हीकडं बघत बसले. डबा तापला. माणसानं उडी मारली आणि खाली आला. गोरख उठला, पिशवी झटकून घडी केली.

"पुढच्या बाजारापर्यंत बोली," म्हणाला, आणि लुनाला पायडल मारलं.