टाकीवरचा शेंदूर

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी पूजा केली ती आईला बरं वाटावं म्हणून. नागपूरच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात आठ वर्षं काढून मी बाभुळगावला परतले होते. तिथल्या प्रार्थना पाठ होत्या, घरची आरतीही येत होती, पण मन कशातच नव्हतं. हे कुणाजवळ बोलायचं धाडस झालं नाही. मी मुळातच कमी बोलणारी.

बोलावं न लागणारी एकच जागा मला सापडली होती, ती म्हणजे बाबांच्या ट्रकची. बाबा जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि लष्कराच्या लिलावातून दोन जुने अवजड ट्रक घेऊन आले. एकाचे भाग काढून दुसरा चालता ठेवायचा, एवढाच त्यांचा छंद. तो ट्रक त्यांनी कधी भाड्याला दिला नाही. मी प्लग घासून द्यायची, मागतील तो पाना हातात ठेवायची. दुपार टळली की आई परसाच्या दारातून ओरडायची, "माझ्या सवतीची आंघोळ झाली असंन तर जेवाले या!"

दसऱ्याला बाबांनी हत्यारं मांडली आणि ट्रकची पूजा माझ्याकडे दिली. मी हार घातला, चाकांना हळदकुंकू वाहिलं. पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण मला कपाळासारखं वाटलं, म्हणून त्यावर तेलात कालवलेला शेंदूर जाड थापला आणि बोटानं स्वस्तिक काढलं. चित्र काढावं तसं. बाबांनी वळून पाहिलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. सुईणीनं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा बदलला. "लेकरू आडवं हाय. मले नाही जमत. यवतमाळले न्या, आत्ताच." यवतमाळची मोटार सकाळीच निघून गेली होती. ट्रकमध्ये मागे गाद्या टाकल्या, ताईजवळ आई आणि सुईण बसल्या, मी पुढे बाबांशेजारी.

सहा-सात मैल गेलो आणि इंजिन आचके देत बंद पडलं. बाबांनी प्लग पाहिले, पंप उघडला, नळी फुंकली. गाडी सुरू झाली आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद पडली. दुसऱ्यांदाही तसंच. टाकी त्यांनी आदल्या दिवशीच स्वतः काठोकाठ भरली होती, त्यामुळे तिकडे पाहण्याचं त्यांच्या मनातच आलं नाही. मागून ताईचं कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही मंदावलं आणि ते जास्त भीतिदायक होतं. बाबांनी पुन्हा पंप उघडला. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी डोळे मिटले. पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवेना. कळंबच्या चिंतामणीला एवढंच म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, आता तूच बघ.

डोळे उघडले तर शेतातून एक म्हातारा बंजारा येत होता. जवळ येऊन तो बाबांना म्हणाला, "साहेब, थोडंसं पेट्रोल द्या जी. बैलाच्या खांद्यावरल्या जखमेत किडे पडले, त्याच्यावर टाकाले."

"इथं माही पोरगी मरून राह्यली अन् तुले बैलाची पडली!" बाबा मान वर न करता कडाडले.

म्हाताऱ्यानं मागे डोकावून पाहिलं. आईकडे पाहून हात जोडले. "मंग राहू द्या जी," म्हणाला आणि जायला वळला.

तो भांडला असता तर मी गप्प राहिले असते. त्याचं ते वळणं मला बघवेना. "थांबा," मी म्हटलं. परक्या माणसाला मी अशी कधी हाक मारली नव्हती. चिंधी घेतली आणि टाकीचं झाकण दोन्ही हातांनी पिळलं. ते सुटलं आणि टाकीनं आत हवा ओढली, सूंऽऽ करून, किती वेळ.

झाकणाच्या मधोमध हवेसाठी बारीक छिद्र असतं; तिथून हवा आत गेली नाही तर पेट्रोल इंजिनाकडे उतरत नाही. ते मीच शेंदरानं बुजवलं होतं.

"बाबा!" मी किंचाळले. "टाकीला हवाच मिळत नव्हती! मी छिद्र बुजवलं!"

बाबा धावत आले. मग त्यांनी झाकण धोतराला पुसलं, तारेनं छिद्र मोकळं केलं. मी चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून म्हाताऱ्याला दिली. त्यानं ती दगडावर ठेवली आणि बाबांच्या हातून हँडल घेऊन स्वतःच फिरवलं. इंजिन धडधडलं ते थेट यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत. दिवेलागणीला ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी व्हरांड्यात बसून पोटभर रडले. बाबा शेजारी येऊन बसले. "शेंदूर फासून गणपतीचं नाकच दाबलं व्हतं तू," एवढंच म्हणाले आणि हसू लागले.

आठ दिवसांनी आम्ही लाडू घेऊन त्या म्हाताऱ्याच्या तांड्यावर गेलो. आभार मानायला बाबा तोंड उघडणार, तोच तो आमच्या पायांशी वाकला. म्हणाला, "आमच्या याडीनं तुमची गाडी अडवली जी. माह्या बैलासाठी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, त्यांची देवी.

मला आधी राग आला. माझी बहीण मरणाच्या दारात होती, ती काय एका बैलासाठी? मी त्या बैलाकडे पाहिलं. खांद्यावरची जखम सुकत आली होती, तो निवांत रवंथ करत होता. आणि माझ्या लक्षात आलं, त्या दुपारी मला वाटत होतं की देवाला फक्त आमचंच ऐकायचं आहे. हा माणूस त्याच वेळी, त्याच उन्हात मागत होता. कुणाचं आधी ऐकलं गेलं, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. आता देवाकडे मागताना 'तूच बघ' म्हणते आणि खरंच त्याच्यावर सोडते.

निघताना मी बैलाच्या कपाळावर हात ठेवला. त्याचा ऊबदार श्वास मनगटाला लागला.

बरं झालं, मी त्याला म्हटलं, आम्ही थांबलो.